चार उतरते सूर

थायरॉइडची गाठ काढताना माझ्या गळ्यातल्या एका नसेला धक्का लागला आणि डावा स्वरतंतू हलायचा थांबला. असं होऊ शकतं, हे नागपूरच्या डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. बोलता येत होतं. आवाज घोगरा झाला होता आणि दोन वाक्यांनंतर दम लागायचा. गाणं संपलं.

मी तेव्हा यवतमाळच्या एका दैनिकात बातमीदार होते. फोनवर लोक विचारू लागले, "कोण बोलून राह्यले भाऊ?" काही आठवडे मी नाव सांगत राहिले. मग संपादकांकडे डेस्कवर बदली मागितली. डेस्कवर बोलावं लागत नाही. इतरांनी लिहिलेलं तपासायचं, चुकीचं काढायचं, उरलेलं पानात बसवायचं. ते काम मला जमलं.

त्याआधी मी गात असे. शिकलेली होते, पण व्यवसाय म्हणून नाही. वाचनालयाच्या दिवाळीतल्या कार्यक्रमात नाट्यपदं, कुणाच्या हळदीला दोन गाणी, गणपतीत एखादी बैठक. साथीला पेटीवर नेहमी एकच माणूस असायचा. दिग्रसचा. तिथे तो पेटीची शिकवणी घेई. खंजिरी भजनापासून संगीत नाटकापर्यंत सगळीकडे त्याने साथ केली होती. सगळे त्याला मास्तर म्हणत. माझ्या लग्नाआधीपासून तो माझ्यासोबत वाजवत होता. मी श्वास कुठे घेणार, कोणत्या जागेवर थांबणार, कुठे घाबरणार, हे त्याला माझ्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ऑपरेशननंतर तो भेटायला आला. उठताना म्हणाला, "ताई, गळा गेला म्हणून हात गेले काय?"

हात म्हणजे व्हायोलिन. शाळेच्या दिवसांत मी गाण्याबरोबर तेही शिकले होते. आमच्या गुरुजींची पद्धत ठरलेली होती. बंदिश आधी तोंडाने म्हणायची, शब्द पक्के करायचे, मग तीच गजाने वाजवायची. वाजवताना शब्द मनात चालू राहिले पाहिजेत. शब्दाच्या मधेच गज संपून उलट दिशेने वळला आणि शब्द तुटला, तर गुरुजी वाजवणं थांबवायचे आणि म्हणायचे, "पोरी, आई म्हणताना आ म्हणून श्वास घेतेस का?" वाद्याने गळ्यासारखं वाजावं, हा आपल्याकडचा जुना आग्रह आहे. तो फक्त आपल्याकडचा असेल असं मला वाटत होतं.

रविवारच्या पुरवणीसाठी एक अनुवादित लेख माझ्याकडे तपासायला आला, तेव्हा ते चुकीचं निघालं. युरोपातल्या बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या, काळाबद्दलचा तो लेख होता, आणि विषय होता ऑपेराने वाद्यसंगीतावर केलेला परिणाम. भाषांतर वाईट होतं. सुधारायचं तर विषय समजणं भाग होतं, म्हणून मी हेडफोन लावून ऐकत गेले. लेख छापून झाला तरी ऐकणं थांबलं नाही.

त्यातून जे कळलं ते थोडक्यात असं. साधारण चारशे वर्षांपूर्वी इटलीत अख्खं नाटक गाऊन करण्याची रीत सुरू झाली, तोच ऑपेरा. आपल्या संगीत नाटकात पात्रं बोलतात आणि मधे पदं म्हणतात. तिथे बोलणंही गाण्यातच. एक बोलण्याजवळचं गाणं, ज्यात गोष्ट पुढे सरकते. दुसरं भरलेलं पद, ज्यात पात्र एका भावनेवर थांबतं. ही पदं लिहिणारेच रचनाकार व्हायोलिनसाठीही लिहीत, त्यामुळे नाटकातल्या सवयी वाद्यात शिरल्या. पडदा उघडण्यापूर्वी वाजणारा तुकडा नाट्यगृहातून सुटला आणि स्वतंत्रपणे वाजू लागला. संथ भागात व्हायोलिन नायिकेच्या जागी उभं राहिलं. आधी सगळी वाद्यं वाजून थांबतात, मग नायिकेसारखं ते एकटं सुरू करतं. पदाचा पहिला भाग परत येतो तेव्हा गायिका जशा हरकती वाढवते, तशा व्हायोलिनही वाढवतं. काही ठिकाणी तर साथ एक लांब सूर धरून नुसती उभी असते आणि व्हायोलिन अडखळत, मधेच थांबत, माणूस बोलतो तसं बोलतं.

विलापाचा प्रवेश ऑपेरात हमखास असायचा. प्रियकराने टाकलेली बाई एकटी उभी राहून शोक करते. तिच्या खाली चार सूर पुन्हा पुन्हा उतरत राहतात: षड्ज, कोमल निषाद, कोमल धैवत, पंचम. परत वर, परत खाली. ते बदलत नाहीत. वर बाई काहीही म्हणो, खाली तेच चालू. पुढे हे चार सूर वाद्यांच्या रचनांमध्ये गेले. तिथे बाई नव्हती, नाटक नव्हतं, शब्द नव्हते. तरी ते चार सूर उतरू लागले की ऐकणाऱ्याला कळायचं की कुणीतरी काहीतरी गमावलं आहे.

गळ्याशिवाय गाता येतं याला पुरावा आहे, एवढं मला यातून मिळालं. ते मला लोकांसमोर एकदा करून पाहायचं होतं. मी गात असताना ज्यांनी ऐकलं होतं, त्यांच्यासमोरच. एकही शब्द न उच्चारता, माझं गाणं त्यांच्यापर्यंत पोचतं की नाही, हे पाहायचं होतं.

वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात कार्यवाहांनी अर्धा तास दिला. विषय ऐकून ते म्हणाले, "इटलीचं काय करता हो मॅडम? आपल्या लोकाईले कळलं पाहिजे." मी म्हटलं, आधी दोन मिनिटांची माहिती कुणाकडून तरी वाचून घेऊ, मग वाजवू. ते हो म्हणाले.

मास्तर दर रविवारी दिग्रसहून एसटीने येऊ लागला. मी एका जुन्या विलापातली सुरावट उतरवून घेतली होती आणि माझ्या आवाक्यात येईल इतकी सोपी केली होती. चार उतरते सूर पेटीने धरायचे होते.

"चारच सुरं?" त्याने विचारलं.

"चारच."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मंग हे तं पिठाची गिरणी झाली ताई. दळत राह्यचं." तो हसला, पण वाजवू लागला. दुसऱ्या फेरीत थांबला. "बिनशब्दाचं मले नाही जमत. तुम्ही कुठं थांबान, मी कुठं भरू, कसं समजन? गाण्यात शब्द असते तं माणूस शब्दाच्या मागं मागं जाते."

त्याची अडचण खरी होती. आपल्याकडचा पेटीवाला गायकाचे शब्द ऐकून साथ करतो. शब्द संपला की तो मोकळी जागा भरतो. शब्द चालू असताना पुढे जात नाही. आणि शब्द तर होते. गुरुजींच्या पद्धतीने मी त्या सुरावटीखाली माझ्यासाठी चार ओळी रचल्या होत्या, गज नीट पडावा म्हणून. त्या कुठे लिहिल्या नव्हत्या आणि म्हणण्यासाठी नव्हत्या. मी त्या मास्तरला सांगितल्या, माझ्या त्या फाटक्या आवाजात:

गेलास तू न सांगता,
दार उघडंच राहिलं;
घर तेवढंच आहे माझं,
हाक तेवढी नाही.

"हे कोनाले म्हणता?" त्याने विचारलं.

"आवाजाला."

त्याने पेटी पुढे ओढली आणि चार सूर सुरू केले. त्या दिवसापासून त्याची साथ अचूक पडू लागली.

एक जागा मात्र मला शेवटपर्यंत साधली नाही. दुसऱ्या ओळीत सूर लांब होता आणि माझा गज पुरत नव्हता. "उघडंच" या शब्दात, "उघ" झाल्यावर, गज उलटायचा. मी अनेकदा प्रयत्न केला. शेवटी मास्तरच म्हणाला, "राहू द्या न ताई. तुटला शब्द तं तुटला. शब्द हाय हे पब्लिकले कुठं माहीत हाय?" ते मला पटलं. नीट ऐकायला मिळावं म्हणून तो रविवारी आमचं वाजवणं मोबाइलवर रेकॉर्ड करून न्यायचा. घरी सराव करतो म्हणायचा.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्या भरल्या होत्या. पूर्वी माझं गाणं ऐकलेले बरेच लोक दिसले. माझे पती तिसऱ्या रांगेत बसले होते. मंचावर पेटीची बैठक मधे होती. माझी खुर्ची पेटीच्या डाव्या बाजूला, थोडी मागे ठेवलेली होती, आणि सगळ्यांच्या पुढे एक उंच माइक उभा होता. मी मास्तरला विचारलं, "हा कशासाठी?"

"सूत्रसंचालनाचा असन," तो म्हणाला आणि पेटीच्या पट्ट्या तपासू लागला.

कार्यवाह त्या माइकवर आले. इटलीची माहिती त्यांनी दोन वाक्यांत उरकली. मग म्हणाले की आता पतीने सोडून दिलेल्या स्त्रीचा विलाप सादर होईल. गायिकेचं नाव त्यांनी घेतलं. हार्मोनियमवर मास्तरांचं नाव घेतलं. त्यानंतर म्हणाले, "आणि साथीला व्हायोलिनवर," आणि माझं नाव.

पहिल्या रांगेतून एक मुलगी उठली. कॉलेजात शिकणारी असावी. मास्तरची दिग्रसची विद्यार्थिनी, हे मला नंतर कळलं. ती मंचावर आली, आधी मास्तरच्या पाया पडली, मग माझ्याकडे आली. वाकून म्हणाली, "मॅडम, आशीर्वाद द्या."

सगळं सभागृह पाहत होतं. आमच्याकडे पाया पडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो. तिथे विचार करायला वेळ नसतो. मी हात ठेवला. टाळ्या झाल्या. हात ठेवून झाल्यावर हरकत घेता येत नाही. मी मास्तरकडे पाहिलं. त्याने भाता ओढला होता आणि पहिला षड्ज सुरू केला होता. चार सूर उतरले. पुन्हा उतरले. मी गज उचलला, कारण तिथून माझी सुरुवात होती. त्याने उजव्या हाताची बोटं जराशी उठवून मला हळू वाजवण्याची खूण केली. अशी खूण तो पूर्वी मी गात असताना तबलेवाल्याला करायचा.

मुलगी गाऊ लागली. "गेलास तू न सांगता."

तिचा आवाज चांगला होता. हे नोंदवणं आवश्यक आहे. सुरेल, मोकळा, वरच्या पट्टीत कुठेही न दाटणारा. पहिली ओळ तिने साधी म्हटली. दुसरी ओळ आली. "दार उघ," तिने म्हटलं, आणि श्वास घेतला. मग "डंच राहिलं."

कुठलाही गायक तो शब्द तिथे तोडणार नाही. तो तिथे तुटतो फक्त माझ्या गजामुळे. ती ते शब्द म्हणायला माझ्या व्हायोलिनवरून शिकली होती. रविवारचं रेकॉर्डिंग ऐकून, माझी प्रत्येक जागा, माझी चूकसुद्धा, तिने गळ्यात बसवली होती. मास्तर मोबाइल कशासाठी चालू ठेवत होता, हे मला तेव्हा, वाजवत असताना, कळलं. शतकांपूर्वी तिकडे वाद्यं बायकांच्या गळ्यावरून शिकली होती. इथे एका मुलीचा गळा माझ्या वाद्यावरून शिकला होता आणि आता माझ्या पुढे उभा होता.

पहिला भाग संपेपर्यंत मी मागे हळू वाजवत राहिले. तो भाग परत आला तेव्हा त्यातल्या हरकती माझ्या होत्या. त्या मी अनेक रविवार घासल्या होत्या. तिने त्या घेतल्या. मी गज मांडीवर ठेवला.

कुणाच्या लक्षात आलं नाही. मास्तरच्या आलं. त्याने मान वर केली नाही; माझ्या जागा त्याने पेटीवर भरल्या. एकही सुटली नाही. सगळ्या त्याला पाठ होत्या.

शेवटच्या ओळीला पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. टाळ्या लांबल्या. शब्द माझे असल्याचं कार्यवाहांकडून कळलं, तेव्हा ओळखीच्या एक बाई माझ्या पतींशी फारच हळुवारपणे बोलल्या आणि मला म्हणाल्या, "घरी सगळं बरं आहे न?" मी म्हटलं, बरं आहे.

सभागृहाच्या मागे चहाची व्यवस्था होती. मुलीभोवती लोक होते. मास्तर कप घेऊन माझ्याकडे आला.

"नाराज झाल्या काय?"

"केव्हा ठरवलं?" मी विचारलं.

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "खरं सांगू? तुम्ही शब्द सांगतले, त्याच दिवशी. बसमधी दिग्रसपर्यंत तेच डोक्यात. म्हटलं, इतके चांगले शब्द, अन् हे पेटीत बंद करून ठेवून राह्यल्या."

"मला का नाही विचारलं?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

"म्हणजे माहीत होतं."

"माहीत होतं न." त्याने चहा संपवला. "कार्यवाह म्हणे बिनशब्दाचं ठेवान तं लोकं उठून जातीन. मी म्हटलं, माह्यावर सोडा. तुमचा अपमान होऊ नये म्हणूनच केलं ताई. खुर्च्या खाली झाल्या असत्या तं तुमाले सहन झालं असतं काय?"

"मी सांगितलं होतं, ते शब्द कुणाला उद्देशून आहेत."

"ते कोणालेच नाही सांगतलं मी. आईची शपथ. पोरीलेही नाही." आपण काहीतरी राखलं, अशा सुरात तो बोलला. मग म्हणाला, "बाया रडल्या का नाही? खरं सांगा. नुसत्या व्हायोलिनवर रडल्या असत्या?"

नसत्या रडल्या, कदाचित. अर्ध्या उठून गेल्या असत्या, कदाचित. पण ते पाहण्यासाठीच मी ती संध्याकाळ मागितली होती. आता ते कळण्याचा मार्ग राहिला नव्हता. त्या सभागृहातल्या लोकांनी ती सुरावट शब्दांसह ऐकली होती. तीच त्यांना पुन्हा शब्दांशिवाय ऐकवून काही सिद्ध होणार नव्हतं. हे मी त्याला समजावू शकले असते, पण इतकं सलग बोलण्याएवढा दम मला नव्हता. मी म्हटलं, "शेवटची बस चुकेल तुमची." तो गेला.

आम्ही पुन्हा भेटलो नाही. त्याने दोनदा निरोप पाठवला की कळंबला गणपतीच्या कार्यक्रमात विलाप ठेवला आहे, व्हायोलिन असतं तर बरं झालं असतं. मी गेले नाही. व्हायोलिनवाचून त्यांचं अडलंही नाही. त्यानंतर ढाणकीला झाला, दिग्रसला झाला.

यातल्या एका कार्यक्रमाची प्रसिद्धीपत्रक डेस्कवर माझ्याच पाळीत आलं. गायिकेचं नाव, मास्तरचं नाव, स्थळ, वेळ. मधे लिहिलं होतं: "वऱ्हाडातील पारंपरिक विलापगीत." मी "वऱ्हाडातील पारंपरिक" एवढं काढलं. बाकी माहिती बरोबर होती, ती जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरचा फोन आला. मंचावरच्या त्या संध्याकाळनंतरचा पहिला.

"ताई, पारंपरिक काहून काढलं?"

"पारंपरिक नाही म्हणून."

"लोकाईले पारंपरिक म्हटलं का बरं वाटते. मंग तुमचं नाव टाकू काय? मी टाकतो. माही ना नाही."

"नको."

"नाव नको, पारंपरिक नको. मंग काय टाकू?"

"काही टाकू नका. शब्द काढून टाका. तिला म्हणावं, नुसत्या 'आ'कारात गा."

तो मनापासून हसला. त्यात कुचेष्टा नव्हती. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी काहीतरी गमतीचं बोलले की तो असाच हसायचा. "अन् ते कोण ऐकन ताई?"

मी फोन ठेवला.

तो विलाप मी अजून घरी वाजवते. खालचे चार सूर मोबाइलवरच्या तंबोऱ्याच्या ॲपमध्ये बसवता येत नाहीत, म्हणून ते नुसते मनात धरते. शब्दही मनात चालतात, गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे. कार्यक्रमाच्या आधी ते माझ्या जुन्या आवाजात चालायचे. गळ्यातून गेलेला आवाज तेवढ्याच जागी शिल्लक होता. त्या संध्याकाळपासून ते त्या मुलीच्या आवाजात ऐकू येतात. मी वेगळी सुरावट घेऊन पाहिली, शब्द बदलून पाहिले. तिचाच आवाज येतो.